फिनलंडच्या सोकोमध्ये एक्क्यांची जोडी का हरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन पत्ती आणि टेक्सास होल्डेम चांगलं येतं. आता फिनलंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर सोको खेळायची वेळ येते. नियम पहिल्याच बैठकीत कळले, पण एक्क्यांची किंवा राजांची जोडी घेऊन शेवटपर्यंत गेलं की बहुतेक वेळा हार. हे नशीब की खेळण्यातली चूक?

नशिबाचा भाग असतोच, पण तुम्ही वर्णन केलंय त्यावरून अडचण वेगळी दिसते. नियम तुम्हाला कळलेत, पण हातांची किंमत तुम्ही अजून होल्डेमच्या हिशेबाने लावताय. सोकोत दोनच हात जास्तीचे आहेत आणि त्या दोन हातांमुळे एका जोडीचा भाव निम्म्याने घसरतो.

आधी नियम जुळवून घेऊ. सोको हा पाच पानांचा स्टड, म्हणजे बरीचशी पानं उघडी वाटायचा पोकर आहे. त्याला कॅनेडियन स्टड किंवा स्कँडिनेव्हियन स्टड असंही म्हणतात. सगळे बूट टाकतात. प्रत्येकाला एक पान झाकलेलं आणि एक उघडं मिळतं, मग बेटिंग. त्यानंतर तिसरं, चौथं आणि पाचवं पान एकेक करून उघडं येतं आणि प्रत्येक पानानंतर बेटिंग होतं. म्हणजे बेटिंगच्या चार फेऱ्या, शेवटी चार पानं उघडी आणि एकच झाकलेलं. पानं बदलायची सोय नाही, होल्डेमसारखी मधली सामाईक पानंही नाहीत.

हातांची उतरंड खालून वर अशी: सुटी पानं, एक जोडी, चार पानांची सीक्वेन्स (लागोपाठची चार), चार पानांचा कलर (एकाच रंगाची चार), दोन जोड्या, तिकडी, आणि पुढे पूर्ण सीक्वेन्स, पूर्ण कलर, फुल हाऊस वगैरे नेहमीसारखं. दोन नवे हात एक जोडी आणि दोन जोड्या यांच्यामध्ये घुसले आहेत. चार पानांच्या सीक्वेन्समध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी सगळ्यात खालची आणि गुलाम-राणी-राजा-एक्का सगळ्यात वरची. राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी गोल फिरणारी चालत नाही. दोघांकडे चार पानांचा कलर असेल तर त्या रंगातलं सर्वात मोठं पान बघायचं, बरोबरी झाली तर पुढचं, आणि चारही सारखी निघाली तर पाचवं सुटं पान.

काही गोष्टी टेबलागणिक बदलतात, म्हणून बसण्याआधी विचारून घ्याव्यात. पहिल्या फेरीत सुरुवात सर्वात लहान उघड्या पानाने होते की सर्वात मोठ्या? बेटला पॉटची, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेची मर्यादा आहे, ठरावीक रक्कम आहे, की काहीच मर्यादा नाही? शेवटच्या फेरीत कुणाची चारही उघडी पानं एकाच रंगाची असतील, तर दुसऱ्याच्या उघड्या जोडीआधी बोलायचा मान त्याला मिळतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचा सगळा खेळ बदलवतं, त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य गणित. ५२ पानांतून पाच पानांचे एकूण २५,९८,९६० हात होतात. सोकोच्या उतरंडीप्रमाणे त्यांची वाटणी केली की सुटी पानं ११,५०,०८०, एक जोडी १०,४७,५५२, चार पानांची सीक्वेन्स ९२,२०८, चार पानांचा कलर १,१०,९४० आणि दोन जोड्या १,२३,५५२ अशी निघते. शेवटचे तीन आकडे पुन्हा वाचा. दोन जोड्या सर्वात जास्त वेळा येतात, तरी त्या चार पानांच्या कलरला हरवतात. चार पानांचा कलर चार पानांच्या सीक्वेन्सपेक्षा जास्त वेळा येतो, तरी तिच्या वर बसतो. दुर्मिळ तो मोठा, हा पोकरचा नेहमीचा न्याय इथे या तीन हातांपुरता उलटा आहे. उतरंड प्रथेने ठरलेली आहे, संभाव्यतेने नाही. त्यामुळे चार पानांची सीक्वेन्स इतकी क्वचित येते म्हणजे ती भक्कमच असणार, असा अंदाज करू नका. ती मिळायला अवघड आणि हरायला सोपी आहे. त्याच कष्टात कलर मिळत असेल तर नेहमी कलरच्या मागे जा.

तुमच्या एक्क्यांचं उत्तरही याच आकड्यांत आहे. साध्या पोकरमध्ये पाच पानांत एका जोडीपेक्षा वरचा हात लागण्याची शक्यता ७.६ टक्के असते. सोकोत ती १५.४ टक्के होते, म्हणजे दुप्पट. समोर चार जण शेवटपर्यंत बसले आणि त्यांचे हात अगदी आंधळेपणाने वाटलेले आहेत असं धरलं, तरी त्यांतल्या एकाकडे तरी जोडीवरचा हात असण्याची शक्यता साध्या स्टडमध्ये २७ टक्क्यांच्या आसपास आणि सोकोत ४९ टक्क्यांच्या आसपास येते. खऱ्या टेबलावर ती याहून जास्तच असते, कारण निरुपयोगी पानांचे लोक आधीच पॅक करून, म्हणजे डाव सोडून गेलेले असतात.

सुरुवातीलाच दोन एक्के आले, तर पुढच्या तीन पानांनंतर सुमारे ६९ टक्के वेळा तुमच्याकडे एकच जोडी राहते. २८ टक्के वेळा दोन जोड्या किंवा त्याहून चांगलं काही बनतं आणि उरलेल्या थोड्या वेळा चार पानांची सीक्वेन्स किंवा कलर. म्हणजे दहातले सात डाव तुम्ही अशा हातावर संपवणार, ज्याला चार जणांच्या गर्दीत निम्म्याहून अधिक वेळा मार बसतो. पण म्हणून एक्के फेकून द्यायचे नाहीत. सुरुवातीला ते पुढेच असतात. ते गर्दीत आणि स्वस्तात खेळायचे नाहीत, एवढंच. पहिल्या दोन फेऱ्यांत बेट मोठी ठेवा आणि समोर एक किंवा दोनच जण उरतील असं बघा. चार जण कॉल करून, म्हणजे लावलेल्या बेटएवढे चिप्स टाकून चौथ्या पानापर्यंत आले आणि त्यांच्या उघड्या पानांत रंग जुळताना दिसू लागले, तर एक्क्यांवरचं प्रेम तिथेच आवरतं घ्या.

मग बसायचं कोणत्या दोन पानांवर? मोठी जोडी अर्थातच. त्यानंतर एकाच रंगाची, शेजारशेजारची, शक्यतो मोठी पानं. फक्त रंग जुळत असेल, तर शेवटी त्या रंगाची किमान चार पानं होण्याची शक्यता ११.८ टक्के आहे. नव्वी-दश्शीसारखी फक्त शेजारची पानं असतील, तर चार पानांची सीक्वेन्स किंवा पूर्ण सीक्वेन्स १०.४ टक्के. दोन्ही असेल, म्हणजे बदामची नव्वी-दश्शी, तर सुमारे २० टक्के. लहान जोड्यांबद्दल माझं मत कडक आहे: दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी, समोर मोठी उघडी पानं आणि तीनपेक्षा जास्त खेळाडू असतील, तर पहिल्याच फेरीत सोडून द्यावी. ती सुधारून दोन जोड्या झाल्या तरी मोठ्या दोन जोड्यांपुढे टिकत नाहीत, आणि सुधारली नाही तर फारसं कुणाला हरवत नाही. झाकलेलं पान एक्का किंवा राजा असणं मात्र नेहमी फायद्याचं. पुढे त्याची जोडी लागली तर ती समोरच्याला दिसत नाही, आणि तुमचा रंग जुळला तर त्या रंगातलं मोठं पान तुमच्याकडे असतं.

तिसरं पान हा सोकोतला खरा निर्णयाचा क्षण. इथे तीन पानांकडे बघून पुढच्या दोन पानांत काय होऊ शकतं, ते पाठ असायला हवं. तीन पानं एका रंगाची: किमान चार पानांचा कलर ३७ टक्के. तीन पानं सलग, रंग वेगवेगळे, म्हणजे सत्ती-अठ्ठी-नव्वी: किमान चार पानांची सीक्वेन्स ३० टक्के. मध्ये एक फट असेल, सत्ती-अठ्ठी-दश्शी: जेमतेम १७ टक्के. आणि तीन पानं सलग व एकाच रंगाची: ५५ टक्के. शेवटचा आकडा बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो. बदामची सत्ती-अठ्ठी-नव्वी आणि समोर दोन एक्के व एक सुटं पान, अशी लढत जवळपास समसमान असते. एक्के पुढे असले तरी काही टक्क्यांनीच. साध्या स्टडमध्ये त्याच तीन पानांचा एक्क्यांपुढे असा निभाव लागला नसता.

फटीच्या सीक्वेन्समागे जाऊ नका. नव्या खेळाडूंचे सर्वात जास्त चिप्स इथेच जातात. १७ टक्क्यांसाठी दोन फेऱ्यांचे पैसे मोजायचे आणि मिळालीच तर नव्या हातांतला धाकटा हात हाती येणार.

वरचे टक्के मात्र फक्त तुमची पानं धरून काढलेले आहेत, आणि स्टडमध्ये तुम्हाला त्याहून बरंच जास्त दिसत असतं. सहा जणांच्या टेबलावर तिसऱ्या पानानंतर तुमची तीन आणि इतरांची दहा उघडी पानं तुम्ही पाहिलेली असतात. न दिसलेली उरतात ३९. तुमच्याकडे तीन बदाम आहेत आणि त्या दहांत एकही बदाम नाही, तर तुमची शक्यता ३७ वरून ४५ टक्क्यांवर जाते. त्याच दहांत चार बदाम दिसले, तर ती २९ टक्क्यांवर येते. हात तोच, पण एकदा बेट वाढवण्यासारखा आणि एकदा सोडण्यासारखा. म्हणून पॅक करणारा पानं उलटी टाकतो, त्याच्या आतच ती लक्षात ठेवायला हवीत. ५२ पानं लक्षात ठेवायची गरज नाही. तुमच्या रंगाची किती गेली, तुमच्या जोडीची किंवा सीक्वेन्सच्या टोकांची किती गेली, हे दोनच आकडे मनात चालू ठेवा आणि प्रत्येक फेरीत वाढवत जा.

चौथ्या पानावर गणित बदलतं, कारण आता एकच पान यायचंय. तीन एका रंगाची आणि एक परकं पान असेल, तर चौथं त्याच रंगाचं येण्याची शक्यता ४८ पैकी १०, म्हणजे २०.८ टक्के. तीन सलग पानांना टोक लागण्याची ४८ पैकी ८, म्हणजे १६.७ टक्के. बेटला पॉटची मर्यादा असेल तर आता हे उदाहरण बघा. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आहे, समोरच्याकडे तीन बदाम. तुम्ही १०० ची बेट लावली. त्याला २०० जिंकायला १०० मोजायचे आहेत, म्हणजे कॉल परवडायला ३३ टक्के शक्यता हवी, आणि त्याच्याकडे २१ टक्केही नाही. तरीही त्याने कॉल केला तर चूक त्याची. पण ती चूक राहते की नाही, हे शेवटच्या फेरीत तुमच्या हातात असतं. बदाम आल्यावर त्याने आणखी बेट लावली आणि तुम्ही ती मोजली, तर त्याचा तोटा भरून निघतो. हिशेब केला तर १८० चिप्स हा समतोल बिंदू आहे. रंग जुळल्यावर दर वेळी तुमच्याकडून १८० पेक्षा जास्त निघत असतील, तर चौथ्या पानावरचा त्याचा कॉल बरोबर ठरतो. त्या वेळी पॉट ३०० चा असतो, म्हणजे पॉटएवढी एक बेट तुम्ही मोजलीत की काम तमाम. माझ्या मते तुमचे एक्के हरण्याचं मोठं कारण हेच असावं: चौथ्या पानावर बेट कमी लावली जाते आणि पाचव्यावर नको तिथे कॉल होतो. उलट करा. चौथ्यावर पूर्ण किंमत वसूल करा आणि पाचवं पान समोरच्याचा रंग जुळवणारं आलं, तर चेक करून, म्हणजे स्वतः बेट न लावता, त्याच्या मोठ्या बेटपुढे हात सोडा.

बेटची रक्कम ठरावीक असेल, तर हा उपाय तितका चालत नाही. पॉटमध्ये सहा बेट जमलेल्या असताना समोरच्याला एकच मोजायची असेल, तर २१ टक्क्यांवर त्याचा कॉल सरळ बरोबर आहे आणि तुम्ही त्याला थांबवू शकत नाही. अशा टेबलावर रंगाच्या पानांची किंमत वाढते आणि एकट्या जोडीची आणखी घटते. तिथे एक्क्यांसोबत तिसरं पानही मोठं किंवा त्यांतल्या एकाच्या रंगाचं असेल, तेव्हाच पुढे जावं.

आता पाचवं पान. सोको खऱ्या अर्थाने शिकणं म्हणजे समोरच्या चार उघड्या पानांवरून त्याचा जास्तीत जास्त हात कोणता असू शकतो, हे झटकन ओळखणं. त्याच्याकडे झाकलेलं एकच पान आहे, म्हणून हे शंभर टक्के खात्रीने सांगता येतं. तीन गोष्टी बघा. उघड्या पानांत जोडी आहे का? नसेल तर त्याच्याकडे दोन जोड्या किंवा तिकडी असूच शकत नाही. उघड्यांत एकाच रंगाची तीन आहेत का? नसतील तर चार पानांचा कलर अशक्य. आणि लागोपाठच्या चार क्रमांकांच्या खिडकीत तीन पानं बसतात का, उदाहरणार्थ अठ्ठी, दश्शी, गुलाम? बसत नसतील तर चार पानांची सीक्वेन्स अशक्य. तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर त्याचा सर्वात मोठा हात म्हणजे त्याच्या सर्वात मोठ्या उघड्या पानाची, झाकलेल्या पानाने जुळवलेली जोडी. समोर किलवरचा राजा, चौकटची नव्वी, बदामची चव्वी, इस्पिकची दुर्री असेल आणि तुमच्याकडे दोन एक्के, तर तुम्ही हरूच शकत नाही. अशा वेळी घाबरून चेक करणं म्हणजे हातचे चिप्स सोडणं.

उत्तर एखाद्याला हो आलं, तर मोजायला बसा. तुमच्याकडे बदामचा एक्का, किलवरचा एक्का, चौकटचा राजा, चौकटची छक्की, बदामची तिर्री. समोर इस्पिकचा गुलाम, इस्पिकची दश्शी, चौकटची चव्वी, इस्पिकची अठ्ठी. न दिसलेली पानं ४३. त्यांतली १० इस्पिकं त्याला कलर देतात आणि इस्पिक सोडून उरलेल्या तीन नव्व्या सीक्वेन्स देतात. ४३ पैकी १३, म्हणजे ३० टक्के. पण हा आकडा त्याचं झाकलेलं पान आंधळेपणाने आलेलं आहे असं धरून आहे. इस्पिकच्या गुलामावर सुरुवात करून चव्वी आल्यावरही ज्याने मोठी बेट मोजली, त्याच्याकडे इस्पिक असण्याची शक्यता ३० टक्क्यांहून खूप जास्त असते. त्याने चव्वीवर पॅक का केलं नाही, हा प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

हीच नजर स्वतःच्या पानांकडेही वळवा. तुमची चारही उघडी पानं एका रंगाची झाली तर सगळ्यांना ती दिसतात. मग तुम्हाला कॉल तोच करतो, ज्याच्याकडे त्याहून मोठं आहे. तिथे मोठी बेट लावून फार काही मिळत नाही. तीन उघडी आणि चौथं झाकलेलं असेल तेव्हा मात्र समोरच्याला खात्री नसते, आणि तुमची कमाई तिथे आहे. याच कारणाने ब्लफचीही, म्हणजे पोकळ बेटचीही, योग्य जागा हीच: तीन उघडी एका रंगाची, झाकलेलं परकं, आणि समोरच्याच्या उघड्या पानांत जोडी नाही. जोडी उघडी असेल तर त्याच्याकडे दोन जोड्या असू शकतात, त्या चार पानांच्या कलरवर जातात, आणि तो कॉल करणारच. तिथे पोकळ बेट लावू नका.

लहान कलरबद्दल थोडं. दुर्री, पंजी, सत्ती, अठ्ठी असा चार पानांचा कलर एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे चांगला हात आहे. तिघे-चौघे जण रंगांमागे लागलेले असतील, तर त्यावर मोठा पॉट बनवू नये. दुसऱ्याचा राजा वरचा कलर किंवा कुणाच्या दोन जोड्या, यांपैकी काही ना काही समोर येतं. एक्का वरचा रंग म्हणूनच इतका मोलाचा.

सरावासाठी चिप्सची गरज नाही. पत्ते पिसून चार जणांचे हात स्वतःच वाटा, प्रत्येकाचं पहिलं पान झाकलेलं. शेवटपर्यंत वाटून झालं की झाकलेलं पान उघडण्याआधी प्रत्येक हाताचा जास्तीत जास्त हात मोठ्याने सांगा, मग ते पान उघडा. चुकलात तर तीन प्रश्नांपैकी कोणता सुटला ते तपासा. जवळजवळ प्रत्येक वेळी चूक फटीच्या सीक्वेन्सच्या खिडकीत सापडते, विशेषतः एक्का खालच्या टोकाला असतो तेव्हा: उघड्या पानांत एक्का, दुर्री, चव्वी असेल, तर एक तिर्री पुरते.